आबांची अक्षरे

आमच्या घरात पुस्तके नव्हती, पण अक्षरे मात्र उदंड होती. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’, रॉकेलच्या कॅनवर ‘रॉकेल’, मोरीच्या दारावर ‘कडी लावा’, आणि आजीच्या ट्रंकेवर तिचे संपूर्ण नाव, खाली गाव, तालुका, जिल्हा. लाल रंगावर पांढरी अक्षरे आणि प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला काळी सावली. पहिल्या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी सहज विचारले होते, “तुमच्या घरात आलेले पहिले पुस्तक कोणते?” वर्गातल्या मुलामुलींनी ज्ञानेश्वरीपासून ‘श्यामची आई’पर्यंत नावे सांगितली. माझी पाळी येण्याआधी घंटा झाली. आली असती तर मी काय सांगितले असते, याचा विचार मी घरी जाताना करीत राहिले. आमच्याकडे आलेले पहिले पुस्तक म्हणजे माझ्या वडिलांचे पहिलीचे पाठ्यपुस्तक. पण त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरात पाट्या आल्या होत्या.

माझे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, पाट्या रंगवीत असत. मुलुंडला त्यांना सगळे ‘पेंटर’ म्हणत. त्यांचा जन्म १९३९ सालचा, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी मुंबईला आले. परळला एका पेंटरच्या हाताखाली सुरुवातीला नुसते ब्रश धुण्याचे काम. दोन वर्षे ब्रश धुतले, मग पाटीला अस्तर लावायला मिळाले, मग कडेची पट्टी, आणि पाचव्या वर्षी पहिले अक्षर. ते कोणते, हे आम्ही त्यांना कितीदा तरी विचारले असेल. दर वेळी ते वेगळे अक्षर सांगत. शेवटी मी तो नाद सोडून दिला.

लग्न झाल्यावर ते मुलुंडला आले आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी संसार थाटला. १९७१ साली त्यांचे थोरले भाऊ गेले. त्यांची बायको आणि दोन मुले गावी होती. आबांनी तिघांनाही मुंबईला आणले. स्वतःची तीन मुले, भावाची दोन, आजी, वहिनी आणि आपण, अशी आठ माणसे त्या खोलीत राहिली. पुतणीचे लग्न आधी लावले, मगच स्वतःच्या मुलीचे. यात आपण काही मोठे केले असे त्यांना कधी वाटले नाही. कोणी तसे म्हटलेच तर ते चिडत. “मग काय रस्त्यावर सोडायची होती?” एवढेच म्हणत आणि विषय बदलीत.

आता त्यांच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हे काम आता फारसे कोणी पाहिलेले नसते. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकायचा. त्यावर लाल अस्तर, ते वाळले की मूळ रंगाचे दोन हात. मग दोरीला नीळ लावून दोन टोकांना धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. फट्‌ असा आवाज होतो आणि पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटते. अशा वर-खाली रेघा पाडल्या की अक्षरांना घर मिळाले. खडूने हलकेच आराखडा करायचा. उजवा हात टेकायला एक काठी, तिच्या टोकाला चिंध्यांचा बोळा, म्हणजे ओल्या रंगाला धक्का लागत नाही. आबा आधी सगळे काने ओढीत, मग अक्षरांची पोटे भरीत, आणि शिरोरेषा सगळ्यांत शेवटी. तीही एका दमात, डावीकडून उजवीकडे. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचे नाही, हा घरचा नियम होता. चहा घेऊन आलेली आजीसुद्धा उंबऱ्यात थांबे.

जागेचा हिशेब ही त्यांची खरी विद्या. नवशिका माणूस अक्षरे मोजतो आणि पाटीचे तेवढे भाग करतो, म्हणून शेवटचे अक्षर कडेला चेंगरते. आबा म्हणत, “अक्षरं मोजायची नाय, जागा मोजायची. र आणि काना म्हंजे अर्धं तिकीट. म, भ, झ पूर्ण तिकीट. क्ष आला तर सामानाचं वेगळं.” मुलुंडला गुजराती दुकानदारांची मोठी वस्ती, त्यामुळे गुजराती पाट्याही भरपूर असत. गुजरातीला शिरोरेषा नाही. आबांच्या मते ते काम अधिक कठीण, कारण मराठी अक्षरे एका दोरीवर वाळत घातल्यासारखी आपोआप रांगेत राहतात, पण गुजराती अक्षराला छप्परच नसल्यामुळे प्रत्येकाला आपल्या पायांवर उभे करावे लागते.

इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. इंग्रजी पाट्या तर ते सर्रास रंगवीत, आणि त्या सुरेखही असत! गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून देई आणि आबा तो आकार पाहून उतरवीत, जसे एखादा मूर्तिकार चेहरा पाहून उतरवील. १९७८च्या सुमारास एका दुकानदाराने ‘स्टेशनरी’ या शब्दात ‘ई’ हवा तिथे ‘ए’ लिहून दिला. आबांनी तो जसाच्या तसा, सोनेरी रंगात, सावलीसकट उतरवला. पाटी वर चढली आणि चार दिवसांनी कोणा शिकलेल्या माणसाने हसून चूक दाखवली. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, उलट पाटी फुकट करून घेतली. चिठ्ठी त्याच्याच अक्षरातली होती, पण ती आबांनी फेकून दिलेली. त्या दिवसापासून ते प्रत्येक चिठ्ठी तारेत ओवून ठेवू लागले. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली ती तार मी लहानपणी पाहिली आहे. रेशन कार्डापेक्षा तिची काळजी जास्त घेतली जाई.

१९९५ साली शहराचे इंग्रजी नाव बॉम्बेचे मुंबई झाले, तेव्हा पाटीवाल्यांना चांगले दिवस आले. दुकानांच्या पत्त्यातले नाव बदलायचे. आबांनी दोन्ही शब्द कागदावर एकाखाली एक लिहून पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की दोन्हींत सहा-सहा अक्षरे आहेत आणि त्यातली मधली तीन, एम, बी, ए, जागच्या जागी आहेत. पहिली दोन आणि शेवटचे एक बदलले की काम झाले! वाचता न येणाऱ्या माणसाला हे दिसले, आणि वाचता येणारे पेंटर अख्खा शब्द खरवडून नव्याने लिहीत बसले. आबांनी पैसेही तीनच अक्षरांचे घेतले. यावर आजी बरेच दिवस रुसली होती म्हणे. पुढे टेलिफोनचे आकडे सातांचे आठ झाले, तेव्हाही पाट्यांवर आधी एक आकडा घालण्याचे काम निघाले. आबांच्या पाट्यांवर त्यासाठी जागा असे. इतरांच्या पाट्यांवर नसे.

आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्यासाठी आबांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर आधी चित्रे काढली होती : मिरचीच्या डब्यावर मिरची, साखरेच्या डब्यावर ऊस. पुढच्या दिवाळीला डबे पुन्हा रंगवताना चित्राखाली शब्द लिहिला. त्याच्या पुढच्या दिवाळीला चित्र लहान केले आणि शब्द मोठा. चौथ्या की पाचव्या दिवाळीला चित्र गाळूनच टाकले. आजीला अशी अकरा शब्द वाचता येऊ लागले. ‘मीठ’ येत असल्यामुळे ‘मी’ आला, ‘हळद’मुळे ‘ळ’ आला. एकदा बसच्या पाटीवरचे ‘मुलुंड’ तिने आपणहून वाचले. त्या संध्याकाळी आबांनी जिलबी आणली होती, असे माझी आत्या सांगते. आजीला पुढे अर्धांगवायू झाला. सहा वर्षे ती अंथरुणाला खिळून होती. आबा तिची वेणी घालीत. शिरोरेषा ओढणाऱ्या हाताने भांग काढलेला. तो इतका सरळ असे की शेजारच्या बायका बघायला येत. मी पाच वर्षांची असताना ती गेली. मला ती अंधुक आठवते, पण तो भांग मात्र स्पष्ट आठवतो.

वडिलांची आणि आबांची एक अढी होती, तिच्याविषयी लिहू की नको असा विचार मी पुष्कळ केला. वडिलांना विचारले. ते म्हणाले, “लिही, खरं तेच आहे.” १९८४ साली लालबहादूर शास्त्री मार्गावर काम करताना आबा शिडीवरून पडले आणि त्यांचे डावे मनगट मोडले. उजवे वाचले. माझे वडील तेव्हा लहान होते; पण मोठे झाल्यावर त्यांना हेच काम शिकायचे होते आणि आबांनी त्यांना ब्रशला हात लावू दिला नाही. वडील नववीला नापास झाले तरीही नाही. “कंपनीत जा, फंड कापला जाईल,” हे त्यांचे पालुपद. वडील भांडुपच्या एका कारखान्यात लागले. काही वर्षांनी तो बंद झाला. त्यानंतर वडिलांनी टेम्पो चालवला, आता एका सोसायटीत रखवालदार आहेत. रात्रपाळीला जाताना एखादे वेळी म्हणतात, “हातात कला असती तर...” आणि लगेच स्वतःच म्हणतात, “असती तरी काय, फ्लेक्सने खाल्लीच असती.” या दोन वाक्यांपैकी कोणते खरे, हे त्यांना ठरवता आलेले नाही, आणि मला तर नाहीच नाही.

कारण फ्लेक्स खरोखरच आला. जी पाटी करायला आबांना तीन दिवस लागत ती यंत्रातून तासाभरात बाहेर पडू लागली, फोटोसकट. २००६-०७ पर्यंत दुकानांची कामे जवळजवळ थांबली. उरल्या गाड्यांच्या नंबरप्लेटी. २०१९च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ठरावीक पद्धतीची नंबरप्लेट लावूनच मिळू लागली, तेव्हा तेही संपल्यात जमा झाले. आबांना फ्लेक्सचा राग नव्हता, हे ऐकून नवल वाटेल. “स्वस्त आहे, गरिबाला परवडतं,” असे म्हणत. राग होता तो त्यावरच्या अक्षरांचा. “हा ल बघ. हा आपला नाय. आपल्या ल ला पाकळी असते. आणि ह्या श ची शेंडी कुठं गेली?” महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श हीच मराठीची वळणे ठरवली आहेत, हे मला अकरावीत कळले. मी ते आबांना सांगितले. “सरकारला मी सांगितलं नव्हतं हां,” असे म्हणून ते कितीतरी वेळ हसत होते.

आणखी एकदा मी त्यांना सांगितले की, संगणकावर जो ‘मंगल’ नावाचा देवनागरी टाइप असतो तो र. कृ. जोशी नावाच्या मराठी माणसाने केला आणि ते आपल्या शेजारी पवईलाच, आय. आय. टी. मध्ये शिकवीत असत. आबा गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “म्हंजे ती पण माणसानंच काढली. मला वाटायचं यंत्रच काढतं.”

पण आबांचे दैवत एकच, ते म्हणजे कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षके रंगवणारे, अक्षरसम्राट म्हणून ज्यांना सगळे ओळखतात ते. ‘टाइम्स’च्या कला विभागात नोकरी करता करता त्यांनी ‘मत्स्यगंधा’, ‘वस्त्रहरण’ यांसारख्या किती नाटकांना अक्षरे दिली याची गणती नाही. आबा कोपऱ्यावरच्या सलूनमधून आदल्या दिवशीचा ‘महाराष्ट्र टाइम्स’ मागून आणीत, जाहिरात कापून घेत आणि दोनशे पानी वहीत डकवीत. नाटक एकही पाहिलेले नाही. तिकिटाचे पैसे कुठले? पण हे नाटक हसवणारे की रडवणारे ते त्यांना अक्षरांवरून कळे. त्या वहीतली वळणे मुलुंड, भांडुपच्या किराणा दुकानांवर आणि पिठाच्या गिरण्यांवर उतरली आहेत. एका गिरणीच्या पाटीवर ऐतिहासिक नाटकाची अक्षरे होती, तलवारीसारखी. गिरणीवाला खूश होता.

शेडगे राहायलाही मुलुंडलाच होते. आबांपेक्षा चार वर्षांनी मोठे. दोघे एकाच स्टेशनावर गाडीला चढले-उतरले असतील, पण आबा त्यांना कधी भेटायला गेले नाहीत. “काय बोलणार? ते कलाकार, आपण पेंटर.” मला हे पटत नसे आणि आजही पटत नाही. आपल्याकडे रंगवणारा हात जितका उंचावर चढतो तितका तो माणूस खाली उभा राहतो, हे मी पाहिले आहे. हुसेन यांच्यासारख्या थोर चित्रकारानेही उमेदीच्या काळात याच मुंबईत सिनेमाच्या जाहिराती रंगवल्या होत्या, असे मी आबांना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “रोज किती मिळायचा?” मला ते ठाऊक नव्हते.

४ जुलै २०२० रोजी कमल शेडगे गेले. पंच्याऐंशी वर्षांचे होते. टाळेबंदीचा काळ, बाहेर पाऊस, वडिलांच्या मोबाईलवर बातमी आली. आबांनी ट्रंकेतून वही काढली आणि दुपारभर एकेक पान उलटीत बसले. पिवळ्या पडलेल्या कात्रणांच्या कडा सुटल्या होत्या. संध्याकाळी मला म्हणाले, “बाय, जरा डिंक आण.” आम्ही दोघांनी मिळून सगळी कात्रणे पुन्हा चिकटवली.

मी तिसरीत असताना एक नवाच उद्योग सुरू झाला होता. आबांना एव्हाना काम नव्हतेच. संध्याकाळी मी गृहपाठाला बसले की ते माझी जुनी पाटी घेत आणि खडूने एक इंग्रजी शब्द काढीत. आठवणीतला, चाळीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी दुकानावर रंगवलेला. वळण अचूक, जाडी-बारीकपणासकट. मग पाटी माझ्यापुढे करीत. “हे काय म्हणायचं?” मी वाचीत असे. “केमिस्ट.” “म्हंजे?” “औषधवाला.” “मग क चा सी एच कशाला?” ते मला कुठून सांगता येणार! एकदा त्यांनी ‘प्रॉप’ एवढेच चार अक्षरी काढले. दुकानांच्या पाटीवर खाली मालकाच्या नावाआधी असते ते. मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून आले : प्रोप्रायटर, म्हणजे मालक. आबा थक्क झाले. मुलुंडच्या सगळ्या दुकानदारांचे पहिले नाव एकच कसे, असे त्यांना इतकी वर्षे वाटत होते. त्यांनी ते कोणाला विचारले नव्हते, कारण विचारले असते तर वाचता येत नाही हे कळले असते आणि काम गेले असते.

मी मोठी होत गेले तसे शब्द अवघड होत गेले. टेलरच्या पाटीवरचे, दवाखान्याच्या पाटीवरचे, सॉलिसिटरच्या पाटीवरचे. माझ्या बोर्डाच्या परीक्षेपर्यंत हे चालू होते. त्यांच्या हाताला तेव्हा कंप सुटला होता. अक्षरांच्या कडा थरथरत. पण दोन अक्षरांतली जागा शेवटपर्यंत बिघडली नाही. हिशेब केला तर आबांनी मला दोन-अडीचशे शब्द तरी विचारले असतील. माझे अर्धेअधिक इंग्रजी मी शाळेत नव्हे, त्या दुकानांच्या पाट्यांवर शिकले.

२०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुकानांवर मराठी पाटी, तीही इतर लिपीपेक्षा लहान नाही अशी, बंधनकारक झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. आबा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. कोणीतरी विचारायला येईल म्हणून त्यांनी ब्रश घासलेटमध्ये भिजत घातले, काठीच्या टोकाचा बोळा बदलला. पाट्या भराभर बदलल्या, पण त्या अॅक्रिलिकच्या, आत दिवे असलेल्या. कोणी आले नाही. आबा रोज संध्याकाळी काठी टेकीत बाजारात जात आणि नव्या पाट्या वाचून येत. “मराठी झालं ते चांगलंच झालं,” म्हणाले. मग जरा थांबून, “ल मात्र तोच.”

बारावी झाल्यावर माझा या महाविद्यालयात प्रवेश झाला. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. अर्ज मी आबांपुढे बसून भरला. त्यांनी माझे अक्षर पाहिले आणि एवढेच म्हणाले, “शेवटच्या चौकोनात जागा ठेव.” मी ठेवली. त्याच श्रावणात, २०२४ साली, झोपेतच ते गेले. कात्रणांची वही माझ्याकडे आहे. चिठ्ठ्यांची तार वडिलांनी मागून घेतली, हे मला अनपेक्षित होते. रात्रपाळीहून आल्यावर ती मांडीवर घेऊन ते चिठ्ठ्या वाचीत बसलेले मी दोनदा पाहिले आहे.

पाट्यांपैकी आता मुलुंडात फारशा उरलेल्या नाहीत. मी शोधत हिंडते. पाच रस्त्याजवळच्या एका गल्लीत एका जुन्या दुकानाच्या शटरच्या वर अर्धी दिसते, उरलेल्या अर्धीवर एअरकंडिशनरचा पाइप आला आहे. इस्त्रीवाल्याने दिव्याची पाटी लावली तेव्हा जुनी पत्र्याची पाटी घरी आणून दिली होती, “पेंटरकाकांची आहे, भंगारात कशाला द्यायची” म्हणून. गेल्या पावसाळ्याआधी मोरीवरचे छप्पर गळू लागले आणि वडिलांनी तीच पाटी तिथे ठोकली. अक्षरे वर करायची की खाली, यावर थोडा वाद झाला. आई म्हणाली खाली करा, वर पावसाने जातील. आता आंघोळ करताना मान वर केली की निळ्यावर पांढऱ्याने ‘लाँड्री’ दिसते, ल ला पाकळी असलेली.